कान न तडकणारा मग: नागपूरच्या उन्हा-पावसात रोजच्या वापराची भांडी

मगाच्या कानाच्या वरच्या जोडाशी केसासारखी चीर दिसली की दोष भट्टीला दिला जातो. खरं तर ती चीर बहुतेक वेळा चार-पाच दिवस आधी, फळीवर सुकतानाच पडलेली असते; भाजताना फक्त उघडी पडते. नागपुरात हे जास्तच जाणवतं. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, हवेत ओल म्हणून नसते, आणि जून सरता सरता तीच माती त्याच फळीवर तीन-तीन दिवस ओली राहते. त्यामुळे इथे मातीकाम घड्याळावर नाही, हवेवर चालवावं लागतं. खालची कृती २५० मिलिलिटर चहा मावणाऱ्या स्टोनवेअर (जास्त तापमानाला भाजून दगडासारख्या पक्क्या होणाऱ्या मातीच्या) मगाची आहे.

माती

शेतातली काळी माती खणून मग करायचा मोह टाळा. उन्हाळ्यात जमिनीला पडणाऱ्या भेगा बघा, मगालाही तशाच पडतील. शिवाय तिच्यात चुनखडीचे खडे असतात. भाजल्यावर त्यांचा चुना होतो, तो हवेतली ओल शोषून फुगतो आणि आठवड्याभराने चांगल्या दिसणाऱ्या भांड्याचा टवका उडतो. रोजच्या वापरासाठी १२२० ते १२४० अंश सेल्सिअसला पक्की होणारी तयार स्टोनवेअर माती घ्या. चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीला ग्रामोदय संघाचं मातीकाम चालत आलेलं आहे. शिकू पाहणाऱ्याने एकदा तिथे जाऊन हात आणि भट्ट्या दोन्ही बघाव्यात.

पोतं आल्यावर आधी आकुंचन मोजा. ओल्या मातीची पट्टी करा, तिच्यावर नेमकी १० सेंटिमीटरची रेघ ओढा आणि शेवटच्या तापमानापर्यंत भाजा. रेघ ८.८ सेंटिमीटर भरली तर आकुंचन १२ टक्के. मग जे माप हवं त्याला ०.८८ने भागायचं: तयार मग ८.८ सेंटिमीटर उंच हवा तर चाकावर १० उचला.

चाकावर

एका मगाला ३५० ग्रॅमचा गोळा. माती मळताना कणकेसारखी घडी घालू नका, हवा आत अडकते. तळव्याने पुढे ढकलून गुंडाळत न्या, ५० ते ६० वेळा. तारेने गोळा मधोमध कापून बघा. छिद्र दिसलं तर परत मळा.

गोळा मध्यावर आला की तळ ६ मिलिमीटर जाड ठेवून उघडा आणि लगेच, भिंत उचलण्याआधी, लाकडी पट्टीने किंवा बोटांनी तळ दाबून घ्या. मध्यापासून कडेकडे आणि परत मध्याकडे, तीन-चार वेळा. भिंत उचलताना माती आपोआप दाबली जाते, तळ मात्र तसाच सैल राहतो. सुकल्यावर तळात इंग्रजी एस अक्षरासारखी चीर पडते ती त्यामुळेच. तळाशी साचलेलं पाणीही स्पंजने टिपून घ्या. उंची १०, बाहेरून रुंदी साडेआठ सेंटिमीटर, भिंत ४ मिलिमीटर. ओठ लागते ती कड ओल्या प्लास्टिकच्या पट्टीने गोल करा. धारदार कडेवरून ग्लेझ, म्हणजे भाजल्यावर काचेसारखा होणारा लेप, ओघळून पातळ होतं आणि तिथेच टवके उडतात.

सुकवणं, आणि कान

उन्हाळ्यात सगळी कसोटी इथे लागते. कड पातळ म्हणून आधी सुकते, तळ जाड म्हणून मागे राहतो, आणि कानाला तर चहूबाजूंनी हवा लागते. जो भाग आधी सुकतो तो आधी आकसतो आणि ओल्या भागापासून स्वतःला ओढून घेतो. चीर म्हणजे ही ओढाताण.

नवतपा, म्हणजे मे अखेरीचे सर्वांत तापते नऊ दिवस, सुरू झाला की खिडक्या बंद ठेवून सकाळी ६ ते १० या वेळातच चाक चालवा. कूलरबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. कूलरची हवा दमट असते म्हणून ती मातीला चालेल असा समज असतो. पण ती एकाच बाजूने येते. कूलरसमोरच्या फळीवरचे मग एका बाजूने सुकतात आणि गोल तोंड अंडाकृती होतं. भाजल्यावर ते परत गोल होत नाही. कूलरचं तोंड भिंतीकडे फिरवा, हवा खोलीभर पसरू द्या, आणि दर तासाला फळीवरचे मग अर्धा वेढा फिरवा.

सगळ्यात उपयोगी साधन घरीच करता येतं. झाकणाचा थर्मोकोलचा खोका घ्या. १.४ लिटर पाण्यात २ किलो प्लास्टर ऑफ पॅरिस भुरभुरत टाका, ढवळा आणि खोक्याच्या तळाशी ओता. घट्ट झालं की त्यावर अर्धा ग्लास पाणी शिंपडा. या ओल्या खोक्यात झाकण लावून ठेवलेला मग भर मे महिन्यातही आठवडाभर कामाजोगा राहतो. फक्त प्लास्टरचा कण मातीत जाऊ देऊ नका. तोही चुनखडीसारखाच टवका उडवतो.

मग लेदर-हार्ड झाला, म्हणजे बोट दाबल्यावर ठसा जेमतेम उमटतो पण आकार वाकत नाही, की उलटा करून तळ कोरून घ्या आणि नंतर कान लावा. कानासाठी ५० ग्रॅम माती गाजरासारखी लांबट करा, जाड टोक डाव्या हातात धरा, उजवा हात ओला करून गाईची धार काढावी तसं खाली ओढत न्या. वर ८ मिलिमीटर, खाली ५ मिलिमीटर जाडी आली की थांबा. कान लगेच चिकटवू नका. फळीच्या कडेला लटकवून तो ताठ होऊ द्या: मे महिन्यात १० मिनिटं, जानेवारीत अर्धा तास, श्रावणात दोन-तीन तासही लागतात. कानाची ओल मगाएवढी किंवा किंचित जास्त हवी. ओला कान कोरड्या मगावर लावला की तडकणारच, मग कितीही घोटा.

दोन्ही जागी काट्याने आडव्या-उभ्या खोल रेघा पाडा, त्याच मातीचा दाट घोळ लावा आणि आतून बोटाचा आधार देत थोडं हलवून दाबा, बाजूने घोळ बाहेर येईपर्यंत. तीन बोटं आरामात मावतील आणि बोटांची हाडं तापलेल्या भिंतीला टेकणार नाहीत इतकी, अडीच ते तीन सेंटिमीटर, पोकळी ठेवा. आता फक्त कानाभोवती पातळ प्लास्टिक गुंडाळा आणि पूर्ण मगावर वर्तमानपत्र, त्यावर सैल प्लास्टिक घाला. दुसऱ्या दिवशी प्लास्टिक काढा, कागद राहू द्या. मग तोंडावर उलटा ठेवा म्हणजे कड थांबते आणि तळ तिला गाठतो. उन्हाळ्यात या सगळ्याला चार दिवस द्या. एका दुपारीही सुकेल, पण जोड टिकणार नाही.

पावसाळ्यात उलटं. मग पांढुरका दिसतो, हाताला सुका लागतो, तरी आत ओल असते. गालाला लावून बघा. गार लागला तर ओला आहे. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर सकाळ-संध्याकाळ वजन करा, आकडा स्थिर होईपर्यंत भट्टीत घालू नका. त्यानंतरही भट्टी ९० अंशांवर, झाकण बोटभर उघडं ठेवून, सहा तास राहू द्या. १०० अंशांच्या पुढे आतल्या पाण्याची वाफ होते आणि मग फुटून शेजारच्या भांड्यांत तुकडे घुसतात.

धूळ

कोरड्या मातीच्या धुळीत सिलिका असते, आणि वर्षानुवर्षं ती छातीत गेली की सिलिकोसिस हा फुप्फुसाचा आजार होऊ शकतो. तो बरा होत नाही. खोली कधीही झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. उन्हाळ्यात पंखा किंवा कूलर सुरू करण्याआधी पुसा, नंतर नाही. ग्लेझची पूड मोजताना एन-९५ मास्क लावा.

भाजणं

पहिलं भाजणं: ६०० अंशांपर्यंत तासाला १०० अंश, पुढे तासाला १५० अंश, ९८०ला १५ मिनिटं स्थिर. ५७३ अंशांना मातीतलं क्वार्ट्झ एकदम प्रसरण पावतं, तिथे घाई नको. या भाजण्यात मातीतला जैव भाग नीट जळला नाही तर तोच पुढे ग्लेझमधून वायू होऊन निघतो आणि टाचणीच्या टोकाएवढी भोकं पडतात.

ग्लेझ ८० मेशच्या (इंचाला ८० छिद्रांच्या) चाळणीतून गाळा. १०० मिलिलिटर ग्लेझचं वजन १४५ ग्रॅमच्या आसपास असावं. मगाची धूळ ओल्या स्पंजने पुसा, नाहीतर ग्लेझ आकसून उघडे डाग राहतात. तीन सेकंद बुडवा, तळापासून ५ मिलिमीटर कोरं ठेवा. शिसं असलेलं काहीही वापरू नका. दुसरं भाजणं कोन ६ पर्यंत. कोन म्हणजे भट्टीत ठेवायचा, ठरावीक उष्णतेला वाकणारा छोटा सुळका; शेवटच्या टप्प्यात तासाला ६० अंश चढ असेल तर तो साधारण १२२२ अंशांना वाकतो. भट्टीच्या नियंत्रकाचा आकडा आणि कोन यांत तफावत आली तर कोनावर विश्वास ठेवा. ६ किलोवॉटची भट्टी २६ अँपिअर ओढते, म्हणून वेगळी वायर आणि ३२ अँपिअरचा एमसीबी हवा. उन्हाळ्यात रात्री चालवा. वीज गेली तर झाकण उघडू नका. वीज आल्यावर आहे त्या तापमानापासून पुढे न्या. १०० अंशांखाली आल्याशिवाय भट्टी उघडायची नाही.

विकण्याआधी

प्रत्येक नव्या ग्लेझच्या मगात उकळतं पाणी ओता, एका मिनिटाने रिकामा करून बर्फाच्या पाण्यात बुडवा. असं तीनदा. मग हळदीचं दाट पाणी रात्रभर ठेवा. सकाळी पिवळ्या रेघांचं जाळं दिसलं तर ग्लेझ मातीपेक्षा जास्त आकसतंय. कृतीत सिलिका ३ ते ५ भाग वाढवून पुन्हा भाजा. दुसऱ्या मगात लिंबाची फोड रात्रभर टेकवून ठेवा. तिच्याखाली रंग फिका झाला तर ते ग्लेझ बाहेरच्या बाजूपुरतंच.

शोषण मोजायला त्याच भट्टीतला बिनग्लेझचा तुकडा लागतो. तो ओव्हनमध्ये पूर्ण सुकवून वजन करा, ५ तास उकळा, त्याच पाण्यात २४ तास राहू द्या, पुसून परत वजन करा. २०० ग्रॅमचा २०४ झाला तर शोषण २ टक्के, ही वरची मर्यादा समजा. जास्त शोषणारा मग मायक्रोवेव्हमध्ये चहाआधी स्वतः तापतो आणि बोटं भाजतात.

तळ ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने पाण्याखाली घासा. मग पाण्याने भरून वर्तमानपत्रावर रात्रभर ठेवा. सकाळी कागदावर ओला गोल उमटला असेल तर तो मग पेन ठेवायला, चहाला नाही.