कॉटन घेताना ‘काउंट’ कसा बघायचा

कॉटनचं कापड बघायला गेलं की दुकानदार हमखास सांगतो, ‘60 काउंट आहे ताई, भारी माल’, आणि आपण मान डोलावतो. पण काउंट म्हणजे कापडाचा दर्जा नाही, सुताची जाडी आहे, हे एकदा नीट कळलं की खरेदी खूप सोपी होते.

हिशोब असा, की 840 यार्ड म्हणजे साधारण 768 मीटर सुताची एक लडी धरायची आणि एका पौंडात, म्हणजे 454 ग्रॅममध्ये, अशा किती लड्या बसतात ते मोजायचं. 40 बसल्या तर ते 40 चं सूत. म्हणजे आकडा जेवढा मोठा तेवढं सूत बारीक. जीन्सला 7 ते 10 चं लागतं, कुर्ता-शर्टला 40 किंवा 60 चं, आणि बाळाच्या झबल्या-दुपट्याला 80-100 चं मलमल मस्त. रेशीम आणि पॉलिस्टरला मात्र डेनियर असतं, म्हणजे 9000 मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन, तिथे आकडा वाढला की धागा जाड होतो, त्यामुळे या दोघांची सरमिसळ करू नका.

आता मुख्य गोष्ट. नुसता काउंट विचारून काहीच कळत नाही. इचलकरंजीत, जिथे 1904 पासून यंत्रमाग आहेत, तिथे ग्रे, म्हणजे मागावरून उतरलेल्या कोऱ्या कापडाचा सौदा ‘60/60, 92/88’ अशा भाषेत होतो. पहिले दोन आकडे ताण्याचा (उभ्या धाग्यांचा) आणि बाण्याचा (आडव्या धाग्यांचा) काउंट, पुढचे दोन म्हणजे रीड आणि पिक, एका इंचात उभे धागे किती आणि आडवे किती. विणणाऱ्याची मजुरीसुद्धा पिकावर ठरते कारण पिक वाढवला की तेवढंच कापड विणायला मागाला जास्त वेळ लागतो, आणि म्हणूनच स्वस्तात द्यायचं झालं की आधी कात्री पिकाला लागते. काउंट तोच राहतो, सांगायला 60 च, पण कापड झिरझिरीत आणि शिवणीला ताण आला की धागे सरकतात. मला विचाराल तर भरगच्च विणलेलं 40 चं कापड विरळ 60 पेक्षा कधीही चांगलं.

वजनाचा अंदाजही यातूनच काढता येतो. ताणा-बाणा एकाच काउंटचा असेल तर रीड आणि पिक यांची बेरीज करा, काउंटने भागा आणि 23 ने गुणा. 92 अधिक 88 म्हणजे 180, भागिले 60 म्हणजे 3, म्हणजे चौरस मीटरला सुमारे 70 ग्रॅम. तेच 40/40 असेल तर 104 च्या आसपास. (विणताना धागा वळणं घेतो म्हणून प्रत्यक्षात थोडं जास्तच भरतं.) 70 ग्रॅमचं पांढरं कापड कुर्त्याला घेतलंत तर अस्तर लावावंच लागणार!

2/80 असं लिहिलेलं दिसलं तर 80 चे दोन धागे एकत्र पिळलेत, जाडी 40 एवढीच पण सूत जास्त मजबूत आणि एकसारखं. ब्लाऊजपीसचं ‘टू बाय टू’ रुबिया म्हणतो ना आपण, त्यात ताणा आणि बाणा दोन्ही असे दुपदरी असतात.

घरी तपासायचं तर कापड आधी धुऊन खळ काढा, वाळवून 10 सेंटिमीटरचा चौकोन कापा, एकाच दिशेचे 100 धागे सोडवून घ्या, ते झाले 10 मीटर. सोनं मोजायच्या बारीक काट्यावर वजन करा आणि 5.9 ला त्या ग्रॅमने भागा. 0.15 ग्रॅम भरलं तर 39 येतं, म्हणजे 40 चं सूत. 0.1 भरलं तर 59, म्हणजे 60 चं. रीड-पिक मोजायला मोबाइलचा कॅमेरा झूम करून पट्टीशेजारी एका इंचातले धागे मोजले तरी चालतं, फक्त उभे आणि आडवे वेगवेगळे मोजा.

बेडशीटवरचा ‘थ्रेड काउंट 400’ हा वेगळाच प्रकार, ती इंचातल्या उभ्या-आडव्या धाग्यांची बेरीज असते आणि काही जण दुपदरी धागा दोनदा मोजून आकडा फुगवतात. तिथे विचारायचं, धागा एकपदरी आहे का दुपदरी, आणि सूत कितीचं?