तरंगती पेशी, चिकटलेली पेशी आणि ईआरके: सहा डिशचा प्रयोग

पीडीजीएफ (वाढीला चालना देणारा ग्रोथ फॅक्टर) दिला की फायब्रोब्लास्टमधला (संयोजी ऊतीच्या पेशींमधला) ईआरके, म्हणजे वाढीचा संदेश पुढे नेणारे किनेज एन्झाइम, सक्रिय होतो, हे अर्धेच खरे. त्याच पेशी तळापासून सोडवून तरंगत ठेवल्या की तेवढ्याच डोसला वेस्टर्न ब्लॉटवर सक्रिय (फॉस्फेट लागलेल्या) ईआरकेचा बँड फिका येतो. हा संदेश रास, राफ, एमईके आणि मग ईआरके अशा प्रथिनांच्या साखळीने जातो. रासपर्यंत तो बहुधा पोचतो. अडतो पुढे, राफ आणि एमईकेच्या टप्प्यावर. हे स्वतःच्या ब्लॉटवर पाहायला सहा डिश पुरतात: तरंगत्या, पॉलिलायसिनवरच्या (धन विद्युतभाराचा लेप) आणि फायब्रोनेक्टिनवरच्या (पेशींना चिकटायला आधार देणारे प्रथिन) पेशी, प्रत्येकी पीडीजीएफसह आणि त्याविना.

आदल्या रात्री ६० मिमी डिशला फायब्रोनेक्टिन (१० मायक्रोग्रॅम/मिली, पीबीएस या फॉस्फेट बफरमध्ये) लावून ४ अंशांवर ठेवा. ते विरघळवताना व्हॉर्टेक्स नको, गुठळ्या होतात. त्याऐवजी ते विरघळायला ३७ अंशांवर अर्धा तास नुसते राहू द्या. पॉलिलायसिनचा कंट्रोल वगळू नका. तिथे पेशी केवळ विद्युतभाराने चिकटतात, इंटिग्रिनचा (फायब्रोनेक्टिन पकडणाऱ्या पेशीवरच्या रिसेप्टरचा) संबंध नसतो. तरंगत्या पेशींच्या डिशला तळाशी १ टक्का अगारोज ओता, म्हणजे पेशी चिकटणार नाहीत.

एनआयएच ३टी३ पेशी (उंदराचे फायब्रोब्लास्ट) १६ तास सीरमविना ठेवून ०.०५ टक्के ट्रिप्सिनने सोडवा. बहुतेकांचा प्रयोग बिघडतो तो इथे. हाताच्या सवयीने सीरमवाले मीडियम ओतून ट्रिप्सिन थांबवले जाते. सीरममध्ये फायब्रोनेक्टिन, व्हिट्रोनेक्टिन (तसेच आणखी एक चिकटवणारे प्रथिन), ग्रोथ फॅक्टर सगळेच आले. मग सहा डिशमध्ये फरक तो काय उरणार? सोयाबीन ट्रिप्सिन इनहिबिटर (०.५ मिग्रॅ/मिली) वापरा, दोनदा धुवा आणि १ टक्का बीएसए (गाईच्या सीरममधले अल्ब्युमिन) घातलेल्या सीरमविरहित मीडियममध्ये ४५ मिनिटे तरंगू द्या. सोडवताना चढलेला ईआरके तेवढ्यात उतरतो.

दर डिशला ५ लाख पेशी घाला आणि दीड तास थांबा. नुसत्या चिकटण्यानेही पहिल्या १० ते ३० मिनिटांत ईआरके वर जातो. तेव्हाच पीडीजीएफ दिला तर कोणाचे श्रेय किती ते कळत नाही. चार-पाच तास थांबणेही चुकीचे, कारण पॉलिलायसिनवरच्या पेशी तोवर स्वतःचेच फायब्रोनेक्टिन सोडू लागतात. पीडीजीएफ-बीबी १० नॅनोग्रॅम/मिली, ५ मिनिटे, की लगेच बर्फ.

लायसिस बफरमध्ये (पेशी फोडायच्या द्रावणात) १ मिलिमोलर सोडियम ऑर्थोव्हॅनाडेट हवे, ते फॉस्फेट काढणारी एन्झाइमे (टायरोसिन फॉस्फेटेज) रोखते. त्याचा स्टॉक पिवळा असेल तर पीएच १० ला आणून रंग जाईपर्यंत उकळा. बफरमध्ये ईडीटीए किंवा डीटीटी असेल तर व्हॅनाडेट घालून न घातल्यासारखेच.

ब्लॉट बीएसएने ब्लॉक करा. दुधातले केसीन स्वतःच फॉस्फोप्रोटीन, त्यामुळे काही अँटिबॉडींना पार्श्वभूमी काळवंडते. फॉस्फो-ईआरके ४२ आणि ४४ किलोडाल्टनला दिसेल. सोबत एकूण ईआरके आणि फॅकचे (इंटिग्रिनने चिकटल्यावर सक्रिय होणाऱ्या किनेजचे) फॉस्फेट लागलेले टायरोसिन ३९७ (सुमारे १२५ किलोडाल्टन) बघाच. तरंगत्या पेशींत फॅकचा बँड ठळक आला, तर पेशी खरोखर सुट्या नव्हत्या: अगारोज फाटले असेल किंवा गठ्ठे झाले असतील. फॅक फिका पण ईआरके गडद असेल, तर पीडीजीएफ २ नॅनोग्रॅमवर आणून पाहा. चढ्या डोसला चिकटण्याची अट सैल पडते.

जमल्यास ६० मिनिटांचाही नमुना घ्या. सायक्लिन डी१ (पेशीविभाजनाकडे नेणारे प्रथिन) वाढायला ईआरके काही तास टिकावा लागतो, आणि फायब्रोनेक्टिनचा फरक ५ मिनिटांच्या बँडपेक्षा तिथे जास्त उघड दिसतो.