मुलांना घरीच शिकवायचं ठरवलंय? सुरुवात अशी करा

बहुतेक पालक आधी वेळापत्रक आखायला बसतात. ते नंतर. आधी ठरवा, रोज दोन-अडीच तास मुलाजवळ बसणार कोण? आई भुसावळला नोकरीला, वडील रावेरच्या मळ्यात आणि मूल दिवसभर एकट्या आजीच्या जिवावर, असं असेल तर हा बेत बाजूला ठेवलेला बरा.

मग कायदा. २००९ चा शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयाच्या मुलांना लागू आहे. त्यात मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य म्हटलंय. पालकांना शिक्षेची तरतूद मात्र नाही. घरच्या शिक्षणाला त्यात वेगळी मान्यताही नाही. हे समजून उमजूनच उतरा.

मूल शाळेत असेल तर शाळा सोडल्याचा दाखला घ्या आणि त्यावरचं नाव, जन्मतारीख, जात तिथेच उभं राहून तपासा. पुढे जातीच्या दाखल्यासाठी हाच कागद मागतात, आणि स्पेलिंगची एक चूक तहसीलच्या चकरा मारायला लावते. जन्मदाखला, आधार आणि हा दाखला एका फायलीत ठेवा.

दहावीचा रस्ता आजच पाहून ठेवा. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेत, म्हणजे एनआयओएसमध्ये, दहावीला किमान वय १४ लागतं. पाच विषय पास व्हायचे, त्यासाठी पाच वर्षांत नऊ संधी मिळतात आणि वर्षातून दोनदा परीक्षा होते. राज्य मंडळाकडून द्यायची असेल तर शाळेत न जाता बाहेरून बसणाऱ्यांसाठी १७ नंबरचा फॉर्म असतो. त्याच्या अटी नाशिक विभागीय मंडळात विचारा, धुळे, जळगाव, नंदुरबार त्यांच्याकडेच येतात.

आता शिकवणं. पहिला महिना पुस्तकं फार उघडू नका, शाळेची घाई मुलाच्या अंगातून निघू द्या. नंतर बालभारतीची पुस्तकं पुरेत, ती मोबाईलवर फुकट मिळतात. महागडे संच घ्यायची गरज नाही.

गणित मात्र घराबाहेर न्या. केळीची गाडी काट्यावर चढते तेव्हा मुलाला सोबत घ्या. भरलेल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, वजाबाकी, मग क्विंटलचा भाव. पावती मुलाच्या हातात द्या आणि हिशेब त्यालाच करू द्या. चुकला तरी लगेच सांगू नका. व्यापाऱ्याचा आकडा वेगळा निघाला की ते स्वतःच पुन्हा मांडतं. साक्री तालुक्यात नातेवाईक असतील तर पांझरा नदीवरच्या फड बागायतीत, म्हणजे बंधाऱ्याचं पाणी शेतकरी मिळून वाटून घेतात त्या जुन्या पद्धतीत, पाण्याच्या पाळ्या कशा ठरतात ते बघायला न्या. अपूर्णांकांना याहून चांगला धडा मला माहीत नाही.

घरात अहिराणी बोलत असाल तर ती दाबू नका. आजी खानदेशातल्या कानबाई देवीची गोष्ट अहिराणीत सांगेल, मुलानं ती प्रमाण मराठीत लिहायची. दोन्ही भाषा पक्क्या होतात. इंग्रजीला रोज अर्धा तास वेगळा ठेवा, ती आपोआप येत नाही.

एप्रिल-मेमध्ये अभ्यास सकाळी सहा ते साडेआठ, नंतर आमच्या खानदेशातलं ऊन डोकं चालू देत नाही. संध्याकाळी मैदान किंवा तालीम सक्तीची. घरी शिकणाऱ्या मुलाला सोबती शोधून द्यावे लागतात.

आणि एक. लग्नात भेटणारा प्रत्येक पाहुणा विचारणार, "कितवीत रे तू?" वयाप्रमाणे जी इयत्ता येते ती सांगायला मुलाला आधीच शिकवा. उरलेल्या प्रश्नांना तोंड तुम्ही द्या.