ओळखीतल्या बाईला घरात मार पडतोय, मग आपण नक्की करायचं काय?

आधी माझी चूक सांगते. शेजारच्या विंगमधल्या एका ताईने जिन्यात हातावरचे वळ दाखवले आणि मी लगेच "सोड त्याला, आजच निघ" सुरू केलं, त्यानंतर दोन महिने तिने माझा फोन उचलला नाही. म्हणून पहिलं काम, गप्प बसून ऐका. "तू काय बोललीस त्याला?" विचारायचं नाही, आणि नवऱ्याला समजवायला तर अजिबात जायचं नाही, त्याची वसुली रात्री तिच्याकडूनच होते. निघायचं की नाही, कधी, ते तिलाच ठरवू द्या.

तोवर तयारी करता येते. या ताईला घराबाहेर पडायला एकच निमित्त मिळायचं, गिरणी. मग आधारकार्ड, लग्नाचा दाखला, पोरांचे जन्मदाखले, पासबुक असं सगळं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दळणाच्या डब्यात गव्हाखाली, तीन फेऱ्यांत सगळं माझ्या कपाटात. कोडवर्डपण ठरला, "वहिनी, दळण टाकायचंय का" असा मेसेज आला की मी 112, म्हणजे पोलिसांचा तातडीचा नंबर, लावायचा. वळांचे फोटो मला पाठवून तिच्या मोबाईलमधून डिलीट, कारण तो फोन चेक करतो हे धरूनच चालायचं. मार लागला असेल तर सरकारी दवाखान्यात न्या आणि कोणी मारलं ते डॉक्टरला स्पष्ट सांगू दे, "पायऱ्यांवरून पडले" असं एकदा कागदावर आलं की पुढे तेच आडवं येतं.

आता कायदा. 2005 चा कौटुंबिक हिंसाचार कायदा फक्त बायकोसाठी नाही, एकाच घरात राहणारी आई, बहीण, विधवा सून, लिव्ह-इनमधली बाई, सगळ्या येतात, आणि मारच पाहिजे असंही नाही, पैसे अडवणं, शिवीगाळ पण धरतात. पोलिस स्टेशनात कधीकधी नुसती एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) घेऊन घरी पाठवतात, तर तिथेच अडकू नका. संरक्षण अधिकारी म्हणून सरकारी माणूस नेमलेला असतो, तो अहवाल बनवून मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करायला मदत करतो. बाईचा पगार कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरण वकील फुकट देतं, त्यांचा नंबर 15100. रात्री जायला जागा नसेल तर 181 या महिला हेल्पलाइनवर सखी सेंटरचं, म्हणजे अशा बायकांसाठीच्या सरकारी मदत केंद्राचं, विचारा.

"घर त्याच्या नावावर आहे, मी कुठे जाऊ" हे प्रत्येक बाई म्हणते. याच कायद्याच्या कलम 17 प्रमाणे नावावर नसलं तरी तिला तिथे राहायचा हक्क आहे, आणि सासऱ्याच्या नावावरचं घरही यात येऊ शकतं हे सुप्रीम कोर्टाने 2020 मध्ये सांगितलंय. मॅजिस्ट्रेटने दिलेला संरक्षण आदेश, म्हणजे तिला त्रास द्यायचा नाही हा हुकूम, त्याने मोडला तर 1 वर्षापर्यंत कैद किंवा 20,000 पर्यंत दंड, किंवा दोन्ही. अर्ज 60 दिवसांत निकाली काढायचा प्रयत्न करावा असं कायद्यात आहे, पण तारखा पडतात, मनाची तयारी ठेवा.

आमची ताई दोनदा निघाली आणि दोनदा परत गेली. मी काही बोलले नाही, पिशवी होती तिथेच ठेवली. तिसऱ्या वेळी लागली.