डीबीएसचं प्लॅनिंग शिकताय? आधी फ्यूजन नीट तपासा

फंक्शनल न्यूरोसर्जरीच्या फेलोशिपला निघालेली मुलं डीबीएसबद्दल (डीप ब्रेन स्टिम्युलेशन: मेंदूत खोलवर लीड, म्हणजे इलेक्ट्रोडची तार, बसवून करंट देणं) हमखास विचारतात, एमईआर (मायक्रोइलेक्ट्रोड रेकॉर्डिंग, म्हणजे बारीक इलेक्ट्रोडने टिपलेला पेशींचा आवाज) ऐकायला कसं शिकायचं? ते येतं हो. एसटीएनमध्ये (सबथॅलॅमिक न्यूक्लियस, आपलं लक्ष्य) शिरल्यावर मागची खरखर वाढते, फायरिंग वेडंवाकडं होतं. खाली सबस्टॅन्शिया नायग्रा लागला की ते पुन्हा एका लयीत येतं. चार केसेस मन लावून ऐकल्या की कान तयार होतो. माणूस घसरतो तो त्याच्या आधी, प्लॅनिंगच्या स्क्रीनसमोर.

एसी आणि पीसी (मेंदूतले खुणेचे दोन आडवे पट्टे, पुढचा आणि मागचा) यांच्या मध्यबिंदूपासून बाजूला 12, मागे 3, खाली 4 मिमी हा एसटीएनचा पत्ता सगळ्यांना पाठ असतो. तो शोध कुठे सुरू करायचा एवढ्यापुरता. टी2 एमआरआयवर एसटीएन आणि शेजारच्या रेड न्यूक्लियसची पुढची कड डोळ्यांना दिसत असताना पाठ केलेल्या आकड्यावर जाणं हा शुद्ध आळस आहे.

आता फ्यूजन. मला सगळ्यात जास्त झुंजवलं ते यानेच, म्हणून जरा लांबण लावतो. डोक्याला फ्रेम (लीडला वाट दाखवणारी) लावून काढलेला सीटी आणि आधीचा एमआरआय सॉफ्टवेअर एकमेकांवर बसवतं. कवटीवर कवटी चपखल बसलेली दिसते आणि आपण खूश होऊन पुढे जातो. पण एमआरआयची प्रतिमा कडेला, सायनसजवळ आणि कवटीच्या तळाशी वाकते. जबडा आणि मान तर दोन्ही स्कॅनमध्ये वेगळ्याच स्थितीत असतात. सॉफ्टवेअर या सगळ्याची मिळून तडजोड करतं. त्यात कवटी जुळते आणि मिडब्रेन (मध्यमेंदू, आपल्या लक्ष्याजवळचा भाग) मिलिमीटर-दीड मिलिमीटर सरकलेला राहू शकतो. फ्रेमला यातलं काही कळत नाही. ती इमानेइतबारे चुकीच्या जागी नेऊन पोचवते.

म्हणून जबडा-मान वगळून फ्यूजन करा. मग कवटी विसरा आणि आत मेंदूतल्या पाण्याच्या जागा बघा: फ्रंटल हॉर्नच्या कडा, फोरामेन ऑफ मन्रो, मिडब्रेनभोवतीचं सिस्टर्न. तिन्ही प्लेनमध्ये, खिडकी हळूहळू सरकवत. सीटीचे स्लाइस 1 मिमी किंवा त्याहून पातळ हवेत आणि गँट्री टिल्ट (सीटीच्या कड्याचा तिरकेपणा) शून्य. टेक्निशियनला हे स्वतः जाऊन सांगा, चिठ्ठी पाठवू नका.

कंपनीचा माणूस शेजारी बसून भराभर क्लिक करून देतो. माणूस चांगला असतो, सॉफ्टवेअरही त्याला आपल्यापेक्षा जास्त येतं. तरी माउस सोडू नका. आणि सरांचं म्हणाल तर "टाक 12-3-4 आणि चल" म्हणणाऱ्यांपेक्षा "हाच एसी कशावरून?" विचारून अर्धा तास खाणारे परवडले.

घाबरू मात्र नका. लीड थोडी खोल किंवा वर राहिली तर प्रोग्रॅमिंगच्या वेळी दुसरा काँटॅक्ट (लीडवरची करंट सोडणारी जागा) निवडता येतो. आडवी चूक तशी भरून निघत नाही. लीडची जाडीच 1.27 मिमी, ती दोनेक मिलिमीटर बाहेर गेली की कॅप्सूल (हालचालींचे तंतू जाणारा पट्टा), म्हणजे कमी करंटवरच बोलणं जड आणि चेहरा ओढलेला. मागे गेली तर मुंग्या. करंट एका बाजूला वळवणाऱ्या डायरेक्शनल लीडने थोडं सावरता येतं, थोडंच. टेस्ट स्टिम्युलेशन (ऑपरेशनमध्येच करंट देऊन बघणं) असतं ते यासाठीच, ते घाईत उरकू नका.

ड्युरा (मेंदूवरचं आवरण) उघडल्यावर सीएसएफ (मेंदूभोवतीचं पाणी) वाहून मेंदू खाली बसतो, नंतर केलेल्या दुसऱ्या बाजूला जास्त. छिद्र लहान ठेवा, लगेच ग्लूने बंद करा.

ऑपरेशननंतर लगेच काढलेल्या सीटीत हवेमुळे लीड वाकलेली दिसते. हवा जिरल्यावरचा सीटी प्लॅनवर फ्यूज करा आणि लीड ठरल्या जागेपासून कुठल्या बाजूला, किती सरकली ते दर केसनंतर वहीत लिहा. माझ्या वहीत सगळ्या नोंदी एकाच बाजूला झुकलेल्या दिसल्या, तेव्हा कुठे मी फ्यूजनकडे वळलो.