तुटलेले शब्द जोडताना या चुका टाळा

जुन्या पुस्तकाचं स्कॅन ओसीआरमधून (चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर बनवणाऱ्या सॉफ्टवेअरमधून) काढलं, की ओळीत जागा न पुरल्याने जुळाऱ्याने (छापखान्यात अक्षरं जुळवणाऱ्याने) रेघ देऊन तोडलेले शब्द तुटलेलेच उतरतात. वाचताना फारसं अडत नाही, शोधताना अडतं. खानदेशाबद्दलच्या पुस्तकांना याचा फार जाच होतो, कारण इथली नावंच तशी आहेत. चाळीस-गाव, धरण-गाव, जळ-गाव, खुद्द खान-देश! दोन्ही तुकडे खरे शब्द, म्हणून शुद्धलेखन तपासणीला काही खटकत नाही. धरणगावचा माणूस गावाचं नाव शोधतो आणि नेमकं हवं ते पान हाती लागत नाही.

सर्वांत मोठी चूक म्हणजे ओळीअखेरच्या सगळ्या रेघा (हायफन) एका फटक्यात पुसणं. ‘देवाण-घेवाण’मधली रेघ लेखकाची आहे, ती ओळीच्या टोकाला आली तरी राहिलीच पाहिजे. आकड्यांना तर हातच लावू नका. १९०६ साली खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. त्या काळाबद्दलचं ‘१९०६-०७’ रेघ गेल्यावर ‘१९०६०७’ होतं. रेघ काढून दोन तुकड्यांत मोकळी जागा ठेवणं त्याहून वाईट, कारण शब्द इथे तुटला होता ही खूणही जाते.

हे जोडकाम आपोआप व्हावं म्हणून पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत स्क्रिप्ट (छोटा प्रोग्रॅम) लिहिणाऱ्यांनी एक गोष्ट जरूर तपासावी. तिथल्या साध्या रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये (मजकुरात ठरावीक नमुना शोधायच्या सूत्रात) ‘अक्षर’ म्हणून जी \w ही खूण वापरतात, तिच्यात काना, मात्रा, वेलांटी धरत नाहीत. त्यामुळे ‘धरण-गाव’ जुळतं, पण ‘पारो-ळा’ तुटकाच राहतो. व्यंजनं, स्वर आणि स्वरचिन्हं स्वतः नेमून द्या. दंड (।) आणि आकडे त्यातून वगळा.

खानदेशातल्या अहिराणी बोलीच्या मजकुरावर प्रमाण मराठीचा शब्दकोश लावू नका, ही माझी कळकळीची विनंती. ‘घर-मा’ (घरात) जोडून ‘घरमा’ झालं की कोश त्याला चूक ठरवतो. ‘आंडोर’ (मुलगा), ‘मन्हा’ (माझा) यांचीही तीच गत. मग स्क्रिप्ट ते तोडूनच ठेवते किंवा ‘सुधारते’, आणि आधीच कमी छापल्या गेलेल्या बोलीचा पुरावा बिघडतो. त्या पुस्तकालाच कोश माना. ‘घरमा’ इतर पानांवर ओळीच्या मधोमध अखंड आलाय का ते पाहा. आला असेल तर निर्धास्त जोडा. रेघेसकट आला असेल तर रेघ ठेवा. दोन्ही रूपं सापडली किंवा एकही नाही सापडलं, तर मूळ पान उघडा.

पान उलटताना तुटलेले शब्दही बघा. मध्ये पृष्ठांक आणि प्रकरणाचं नाव घुसतं, ते आधी बाजूला काढावं लागतं. पीडीएफमधून थेट मजकूर उचलला असेल तर सॉफ्ट हायफनही शोधा, म्हणजे शब्द कुठे तोडता येईल ते सांगणारी, एरवी न दिसणारी खूण.

हे सगळं प्रतीवर करा. ओसीआरची मूळ फाइल जशीच्या तशी ठेवा आणि जोडलेल्या प्रत्येक शब्दापुढे पृष्ठांक लिहिलेली यादी तिच्या शेजारी ठेवा.