डिप्रेशनची गोळी सुरू झाली आणि शुगर वरखाली व्हायला लागली? या चुका टाळा

शुगर असलेल्या माणसाची डिप्रेशनची ट्रीटमेंट चालू झाली की घरच्यांचं सगळं लक्ष मूडकडे जातं, आज बोलले का, झोपले का, आणि ग्लुकोमीटर कपाटात पडून राहतं. घोळ तिथंच होतो. मनाच्या गोळीने भूक बदलते, झोप बदलते, काही गोळ्या तर शुगरच्या गोळीचा जोरच वाढवतात, मग वर्षानुवर्षं सेट असलेला डोस अचानक जास्त नाहीतर कमी पडायला लागतो.

आपल्याकडची सगळ्यात मोठी चूक म्हणजे दोन डॉक्टर, दोन चिठ्ठ्या, आणि एकाला दुसऱ्याचा पत्ता नाही. शुगरचे डॉक्टर सोलापुरात सात रस्त्याला, मनाचे गावाच्या दुसऱ्या टोकाला, आणि तिकडची फाईल पिशवीत तळाला दडवायची, का तर लोक येड लागलं म्हणतेत. अहो लोकांपासून लपवा हवं तर, शुगरच्या डॉक्टरपासून कशाला? मनाच्या गोळ्यांपैकी फ्लुओक्सेटिन किंवा फ्लुव्होक्सामिन चालू असेल तर लिव्हरमध्ये शुगरची ग्लिमेपिराईडसारखी गोळी हळू मोडली जाते, म्हणजे तेवढ्याच गोळीचा असर वाढू शकतो, वर फ्लुओक्सेटिनने सुरुवातीला बऱ्याच जणांची भूकही मरते. दोन्ही मिळून शुगर खाली. मिर्टाझापिन, अमिट्रिप्टिलिन या डिप्रेशनच्याच गोळ्यांचं उलटं, भूक खवळते, वजन वाढतं, आणि जोडीला ओलान्झापिन किंवा क्विटियापिन ही मनाच्याच आजाराची दुसरी गोळी असेल तर शुगर चांगलीच चढू शकते. अजून एक गंमत, अमिट्रिप्टिलिन आणि ड्युलोक्सेटिन शुगरमुळे पायाची आग होते त्यालाही देतात, त्यामुळे एकच औषध दोन चिठ्ठ्यांवर दोन कंपन्यांच्या नावाने येऊ शकतं आणि माणूस दोन्ही गिळत बसतो. म्हणून गोळ्यांची सगळी पाकिटं एकाच पिशवीत टाकून दोन्हीकडे न्यायची, सिव्हिलला जा नाहीतर प्रायव्हेटला.

आता शुगर लो होण्याचं. आमच्या शेजारचे एक मामा, पूर्वी पॉवरलूमवर होते, ग्लिमेपिराईड जुनी आणि मनाची गोळी नवीन. मे महिन्यात दुपारी बनियन भिजला, हात थरथर, उगं चिडचिड चाललेली. सगळे म्हणाले ऊन लागलं, सोलापूरचं ऊन ते, कुणाला शंका येणार! लिंबूपाणी केलं ते पण मीठ घालून, साखर न घालता, कारण "त्यांना शुगर आहे". शेवटी सुनेने मीटर लावलं तर 58. सकाळी अर्धी भाकरी खाल्लेली आणि गोळी मात्र पूर्ण.

घाम, थरथर, छातीत धडधड, घाबरल्यासारखं होणं, हे उन्हाचं पण असतं, टेन्शनच्या अटॅकचं पण असतं आणि शुगर डाऊनचं पण. अंदाज लावत बसायचं नाही, बोट टोचायचं. मीटर हाताशी नसेल तर लो आहे असंच धरून चाला. 70 च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच द्यायची, 15 मिनिटांनी परत चेक, अजून खालीच असेल तर परत तेवढीच, आणि वर आली की काहीतरी खायला घालायचं. ग्लिमेपिराईडवाल्यांची शुगर काही तासांनी पुन्हा पडू शकते, म्हातारी माणसं आणि किडनी कमजोर असलेली तर जास्तच, म्हणून बरं वाटलं तरी डॉक्टरला त्याच दिवशी कळवा. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालू नका, सरळ 108. झोप आणणारी गोळी रात्री असेल आणि सोबत इन्सुलिन असेल तर रात्री शुगर पडली तरी जाग येईलच असं नाही, झोपताना एकदा चेक करायची सवय लावा.

एचबीएवनसी चांगलं आलं म्हणून निवांत बसणं ही पण चूकच. ती तीन महिन्यांची सरासरी, त्यात कालची पडझड दिसत नाही. नवीन गोळी सुरू झाल्यावर, डोस बदलल्यावर आणि गोळी बंद होताना पण, काही आठवडे फास्टिंग आणि जेवणानंतर दोन तासांची लिहून ठेवा, किती वेळा ते डॉक्टर सांगतील.

आणि आकडा बिघडला की लोक काय करतेत, मनाची गोळीच बंद! करू नका. असर दिसायलाच दोन ते चार आठवडे लागतात, कधी जास्त. एकदम सोडली तर चक्कर, घाम, बेचैनी येऊ शकते, ती परत शुगर लो सारखीच वाटते. बहुतेक वेळा शुगरच्या औषधाचा डोस बदलून काम होतं, पण तो डॉक्टरने बदलायचा, मेडिकलवाल्या दादाने नाही.

खाण्याचं थोडक्यात. कडक भाकरी शुगरला चालते म्हणून शेंगाचटणीसोबत चार-पाच उडवणारे आपल्यात कमी नाहीत. कडक झाली म्हणून ज्वारी हवेत जात नाही, पातळ असते त्यामुळे मोजच राहत नाही. भूक खवळवणारी गोळी चालू असेल तर ताटात आधीच मोजून घ्या, पण जेवताना ओरडू नका, डिप्रेशनमधला माणूस त्यानेच जेवण सोडतो आणि मग लो.

थकवा आला, उठावंसं वाटत नाही, की "डिप्रेशनच आहे" म्हणून सोडून देतात. शुगरची मेटफॉर्मिन गोळी बरीच वर्षं चालू असेल तर बी12 व्हिटॅमिन कमी होऊ शकतं, त्यानेही गळून जायला होतं, मूड पडतो. बी12 आणि थायरॉईड एकदा बघून घ्या.

मरणाचे विचार बोलून दाखवत असतील, किंवा इन्सुलिन आणि गोळ्यांबद्दल काही वेगळं बोलायला लागले तर सगळी औषधं घरच्या एका माणसाने ताब्यात घ्यायची, डोस हातात द्यायचा, माणसाला एकटं सोडायचं नाही आणि डॉक्टरला लगेच कळवायचं. टेलिमानस या मनाच्या त्रासासाठीच्या हेल्पलाइनचा 14416 नंबर सरकारी आहे, फुकट आहे, रात्री दोनला पण लागतो आणि मराठीत बोलता येतं.